पात्रापात्रतेची पारख

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारें २० किलोमीटरांवर, गौतमी नदीच्या कांठीं, पावस हें गांव वसलेलें आहे. तिकडे जाणाऱ्या एस. टी. गाडींत मागें एकदां माझ्या शेजारीं एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी; पिशवींत शिधापत्रिका, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचें पुस्तक आणि दोन छायाचित्रें. सारा जन्म त्यांनीं काजूच्या बिया फोडण्यांत घालविला होता. निराधारांना मिळणाऱ्या अनुदानाच्या कामासाठीं त्यांची ही तिसरी खेप होती. मीं विचारलें, "आजी, कागद तर सगळे दिसतात, मग अडलें कोठें?" त्यांनीं उजवा पंजा माझ्यापुढें पसरला आणि त्या म्हणाल्या, "बोट लागत नाय म्हनतात."

काजूच्या टरफलांतील तेल मोठें दाहक असतें. वर्षानुवर्षें तें काम केलेल्या हातांची कातडी सोलून निघते व बोटांवरील रेषा पुसट होतात. आणि यंत्राला ओळख पटविण्यास नेमक्या त्या रेषाच हव्या असतात. ज्या कष्टांनीं या बाईंना मदतीस पात्र केलें, त्याच कष्टांनीं त्यांचा पुरावा पुसून टाकला होता.

सार्वजनिक तिजोरींतून मदत देणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेच लागतात. तूं खरोखर कोण? तुला खरोखर गरज आहे काय? आणि तूं एकदां घेऊन पुन्हां आला नाहींस ना? यांत गैर कांहींच नाहीं; कारण तो पैसा दात्याच्या खिशांतला नसून लोकांचा असतो. परंतु हे प्रश्न कसे विचारावे हा पेंच आजचा नाहीं. आपल्या महाराष्ट्रानें तो निदान तीन निरनिराळ्या रीतींनीं सोडवून पाहिला आहे. त्या तीन प्रयत्नांची हकीकत आज आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे.

पहिला प्रयत्न पेशवाईंतील. श्रावणमासीं विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची प्रथा तळेगांवचे सेनापति खंडेराव दाभाडे यांच्या घराण्यांत होती. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पडले आणि पुढें ती प्रथा पेशव्यांनीं पुण्यास चालू ठेविली. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोंकणचेच. पावसच्या बाजूच्या एखाद्या वैदिकास श्रावणांत पुणें गांठावयाचें म्हणजे ऐन पावसाळ्यांत नदीनाले ओलांडून सह्याद्रीचा घाट चढणें आलें. तरीहि दूरदूरच्या प्रांतांतून लोक येत. विद्वानांची शास्त्रीमंडळी परीक्षा घेत आणि योग्यतेप्रमाणें रक्कम ठरे. उरलेल्या हजारोंसाठीं पर्वतीच्या पायथ्याशीं एक मोठें आवार होतें. त्याला रमणा म्हणत. दारांतून आंत शिरतांना प्रत्येकाच्या हातावर लाल रंगाचा शिक्का उठवीत, आणि वाटप पुरें होईपर्यंत बाहेर गेलेल्यास परत आंत येतां येऊं नये अशी व्यवस्था असे, असें वर्णन आढळतें.

या युक्तीनें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर चोख मिळालें. एकानें दोनदां घ्यावें ही सोय उरली नाहीं. परंतु दुसरा प्रश्न, गरजेचा, रमण्याच्या दारांत कोणी विचारीतच नव्हतें. जात ठीक असली कीं पात्रता सिद्ध! उपाशी कुणब्याला किंवा महाराला त्या दारांतून प्रवेशच नव्हता. शिक्का अगदीं अचूक होता. तो कोणाच्या हातावर उठवावयाचा हें मात्र जन्माच्या वेळींच ठरलेलें होतें. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यांनीं ही रक्कम सालिना ५०,००० रुपयांवर आणली. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख व त्यांचे सहकारी यांनीं या निधींतील पैसा मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षिसादाखल द्यावा, असा अर्ज सरकारकडे केला. त्यावरून पुण्यांत मोठा गदारोळ माजला. पण १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीच्या रूपानें ती कल्पना अमलांत आली. तपासणीची रीत नव्हे, तर पात्रतेची व्याख्याच बदला, असें म्हणण्याचें धैर्य त्या तरुणांनीं दाखविलें, हें त्यांचें खरें श्रेय होय.

दुसरा प्रयत्न इनाम कमिशनचा. जमिनीचा सारा माफ असलेले इनामदार मुंबई इलाख्यांत गांवोगांव होते. कोणी देवस्थानाच्या नांवें, कोणी चाकरीबद्दल, तर कोणी धर्मादाय म्हणून इनाम खात होते. यांपैकीं खरे किती आणि खोटे किती, हें पाहण्यासाठीं १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले. येथें प्रश्न पहिला होता: तूं कोण आणि तुझा कागद कोठें? दावेदारांची सनद पेशवे दफ्तरांतील नोंदींशीं ताडून पाहण्यांत येऊं लागली. खोट्या सनदा सांपडल्या, यांत शंका नाहीं. परंतु कित्येक पिढ्या जमीन निर्वेधपणें उपभोगणाऱ्या घरांतील कागद वाळवीनें खाल्लेले, आगींत जळालेले किंवा भाऊबंदकींत गहाळ झालेले असत. पुराव्याचा सारा भार दावेदाराच्या माथीं असल्यामुळें कागद नाहीं म्हणजे हक्क नाहीं, असा न्याय झाला. त्यानें उपजलेला असंतोष १८५७ च्या सुमारास सरकारलाहि जाणवला. अखेर १८६३ च्या कायद्यांनीं ठराविक आकार भरून घेऊन इनामें कायम करण्याची तडजोड निघाली. प्रत्येक कागद कुरतडून पाहण्यापेक्षां ही तडजोड परवडली, असा त्या हकीकतीचा मथितार्थ आहे.

तिसरा प्रयत्न १८७६-७८ च्या दुष्काळांतला. सोलापूर, सातारा, पुणें, नगर, विजापूर या देशावरच्या जिल्ह्यांत अन्नान्नदशा झाली होती. येथें प्रश्न दुसरा: गरज खरी कीं खोटी? सरकारनें योजिलेली कसोटी अशी, कीं कष्टाचें काम द्यावें, मजुरी पोटापुरतीच द्यावी, आणि काम घरापासून लांब असावें; म्हणजे ज्याला खरोखर नड आहे तोच येईल. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी आणखी कमी करण्यांत आली. तेव्हां हजारों मजूर कामें सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. गरज पारखण्याची कसोटीच माणसाला मोडूं लागली, तर ती कसोटी कसली? १८८० च्या फॅमिन कमिशननें कामाची कसोटी कायम ठेविली. परंतु वृद्ध, पंगु, आजारी अशा काम न करूं शकणाऱ्यांस गांवांतच, चौकशी करून, फुकट मदत द्यावी हेंहि मान्य केलें.

याच कसोटीला पुढें महाराष्ट्रानें माणुसकीचें रूप दिलें. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि १९७७ च्या कायद्यानें ग्रामीण भागांतील प्रौढास काम मागण्याचा हक्क मिळाला. तेथें दारिद्र्याचा दाखला मागत नाहींत. उन्हांत माती उपसावयास येतो तो गरजू, एवढें पुरे मानतात.

परंतु ज्याला कुदळ उचलवत नाहीं त्याचें काय? त्याच्यासाठीं १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तेथें मात्र पुन्हां दाखले आले: उत्पन्नाचा, रहिवासाचा, वयाचा आणि दरसाल हयातीचा. २०१० सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं देशांतील पहिलें आधार कार्ड दिलें गेलें, आणि हातावरच्या शिक्क्याची जागा बोटावरच्या रेषेनें घेतली. रमण्यांतला शिक्का चार दिवसांत धुतला जाई. ही रेषा जन्मभर टिकते असें आपण समजतों. काजू फोडणारीचा पंजा पाहिला कीं हा समज चुकीचा ठरतो.

म्हणून तपासणीच नको, असें माझें म्हणणें नाहीं. लबाडाच्या हातीं गेलेला रुपया एखाद्या निराधाराच्याच ताटांतून उचललेला असतो. इतिहास एवढेंच सांगतो, कीं प्रत्येक कसोटी एकाच प्रश्नाचें उत्तर देते आणि इतर प्रश्नांबाबत आंधळी असते. शिक्क्याला गरज दिसत नाहीं, सनदेला वाळवी दिसत नाहीं, यंत्राला काजूचें तेल दिसत नाहीं. तें पाहण्यासाठीं कसोटीच्या शेजारीं एक डोळस माणूस लागतो, आणि नकार देण्यापूर्वीं दुसरी वाट दाखविण्याची मुभा त्याला असावी लागते. बोट जुळलें नाहीं तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवितां येते. ही गोष्ट त्या बाईंना तोंवर कोणी सांगितलेली नव्हती.

मीं ती सांगितली. त्यांनीं ती दोनदां म्हणवून घेतली, पिशवी छातीशीं धरली आणि पावसच्या थांब्यावर त्या उतरून गेल्या. आपल्या शेजारींपाजारीं अशी एखादी पिशवी घेऊन कोणी चौथ्या खेपेस निघालें असेल, तर श्रोतेहो, त्यांच्याबरोबर एकदां कचेरीपर्यंत जावें, एवढीच माझी विनंति आहे.