दोन जबान्या

अमेरिकेत बोस्टनजवळ लेक्सिंग्टन नावाचं गाव आहे. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे तिथल्या मैदानात कॅप्टन जॉन पार्कर आणि सुमारे ७७ गावकरी इंग्रजांच्या शेकडो सैनिकांसमोर उभे राहिले. आठ जण मारले गेले आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं.

गावकऱ्यांनी आठवड्याच्या आत शपथेवर जबान्या दिल्या. जहाजाने गेलेले ते कागद इंग्रज सेनापतीच्या अहवालाआधी लंडनला पोचले. त्यांत भर होता तो एका गोष्टीवर : आम्ही आगळीक केली नाही, गोळीबार इंग्रजांनी केला.

पन्नास वर्षांनी शेजारचं कॉन्कर्ड गाव म्हणू लागलं, की खरा प्रतिकार पहिल्यांदा आमच्याकडे झाला. लेक्सिंग्टनकरांनी मग हयात असलेल्या म्हाताऱ्यांच्या जबान्या घेऊन १८२५ मध्ये छापल्या. आता भर होता, आम्हीही उलट गोळ्या झाडल्या, यावर!

प्रसंग तोच, माणसंही तीच. गरज बदलली तसा सांगण्याचा रोख बदलला. तरीही हे आपल्याला कळतं, कारण दोन्ही कागद तारखेसकट जपलेले आहेत. आम्ही सॉफ्टवेअरवालेही नवी आवृत्ती आली म्हणून जुनी पुसत नाही. राहून गेलेलंही मागाहून जोडता येतं. त्या पहाटे जखमी झालेला प्रिन्स एस्टाब्रुक गुलाम होता. त्याचं स्मारक २००८ मध्ये उभं राहिलं.

आपल्या सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. ही नावं शाळेत आपण सगळेच शिकलो. पण त्या दिवसांत गिरणीत, पेठेत, घरात काय चाललं होतं, हे आपल्या आजी-आजोबांनी मराठीत, तेलुगूत, कानडीत, उर्दूत सांगितलं. त्यांच्या तोंडून ते ऐकलेली आपलीच पिढी शेवटची.

२०३० मध्ये शंभर वर्षं होतील. मित्र-मैत्रिणींनो, सर आणि बाई, प्रत्येकाने एक पान लिहू या : काय ऐकलं, कोणाकडून, साधारण कधी. दोन घरांच्या हकिकती जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवू.