मोटारींची टंचाई आणि जीपगाडीचा वंशविस्तार

बुलढाणा जिल्ह्यांत घाटाखालून, मलकापूर, नांदुरा व शेगांव या स्थानकांवरून, मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो. परंतु घाटावरील चिखली, मेहकर, लोणार या गांवांना आगगाडी अद्याप मिळालेली नाहीं. काळ्या मातींतील वाटा पावसाळ्यांत चिखलमय होत, आणि आजाऱ्यास दवाखान्यांत कसें न्यावें हा प्रश्न वाहनापाशींच येऊन थांबे.

स्वातंत्र्यानंतर मोटारींचें उत्पादन सरकारी परवान्यांनीं मर्यादित राहिलें. कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर गाडीसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहात. महायुद्धांत नांवारूपास आलेली अमेरिकन जीप मात्र महिंद्रा कंपनी माझगांवीं सुटे भाग जोडून तयार करूं लागली होती. चारी चाकांना जोर पोंचविणारी ही उंच गाडी प्रथम अधिकाऱ्यांकडे दिसे. पुढें तिच्याच वंशांतील लांब गाड्या ‘काळी-पिवळी’ होऊन बाजारकरी, वऱ्हाडी आणि आजारी यांना वाहूं लागल्या.

1993 मध्यें मोटारींवरील परवान्याचें बंधन उठलें. आतां निवडीस वाव मिळाला. तरी उंच गाडीवरील विश्वास ढळला नाहीं. 2000 सालीं बोलेरो व 2002 सालीं नाशिकची स्कॉर्पिओ आली, आणि कामाची जीप कुटुंबाची गाडी झाली. बहुतेकींत जोर मागील दोनच चाकांना मिळे, तरी तिची उंची खाचखळग्यांत उपयोगी पडे.

2021 मध्यें सेमीकंडक्टर चिपांचा जगभर तुटवडा पडला व प्रतीक्षायाद्या पुन्हा लांबल्या. या खेपेस त्या जीपच्या वंशजांसाठींहि होत्या. ज्या घरीं कोणतीच गाडी नाहीं, त्याची प्रतीक्षा मात्र चांगल्या रस्त्याची आणि आगगाडीचीच आहे.