तात्पुरता कायदा

भाडेनियंत्रण म्हटले की आपल्याला गिरगावातली चाळ, पागडी आणि वर्षानुवर्षे न वाढलेले भाडे आठवते. इथे ब्रिटनमध्ये हाच प्रकार १९१५ साली सुरू झाला, आणि तो आणला ग्लासगोच्या बायकांनी.

१९१४ साली इथली दहातली जवळजवळ नऊ कुटुंबे भाड्याने राहत. युद्ध सुरू होताच जहाजबांधणी आणि दारूगोळ्याच्या कामासाठी ग्लासगोत माणसे लोटली, आणि मालकांनी भाडी वाढवली. घरोघरचे पुरुष आघाडीवर नाहीतर कारखान्यात. गोवन भागातल्या मेरी बार्बर यांनी शेजारणींना जमवले. वाढीव भाडे द्यायचे नाही, एवढेच ठरले. बेलिफ दिसला की घंटा वाजायची, हातातले काम टाकून बायका जिन्यात! त्याच्या अंगावर पिठाचा मारा व्हायचा. १७ नोव्हेंबर १९१५ ला कामगारांवरचा खटला उभा राहिला तेव्हा कोर्टाबाहेर हजारोंचा जमाव होता. खटला मागे घेतला गेला, आणि पुढच्याच महिन्यात संसदेने लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली. कायदा अर्थातच तात्पुरता, युद्धापुरता.

तात्पुरते म्हणजे काय ते आपण जाणतोच. मुंबईत १९१८ साली युद्धकालीन भाडेकायदा आला. नंतरच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या दराला बांधली, आणि तो १९९९ चा कायदा येईपर्यंत टिकला.

ब्रिटनमध्ये १९५७ साली नियंत्रण सैल केले, पण कसे? जुना भाडेकरू निघून गेला तर नवीन भाडे मालकाच्या मर्जीचे. म्हणजे जुन्याला हुसकावण्यातच फायदा! लंडनच्या नॉटिंग हिल भागात पीटर रॅकमनने नेमके तेच केले. जुने भाडेकरू दमदाटीने बाहेर काढायचे आणि ज्यांना दुसरे कोणी खोली देत नव्हते त्या वेस्ट इंडियन लोकांना चढ्या भावाने द्यायची. त्याचे नाव आज इंग्रजी शब्दकोशात आहे. १९६५ च्या कायद्याने भाडेकरूला पुन्हा संरक्षण दिले.

पण तोवर भाड्याने घर देणेच कमी होत चालले होते. लोक कर्ज काढून घरे घेत होते किंवा नगरपालिकेच्या घरात राहत होते. १९८० पासून थॅचरबाईंनी तीही सवलतीत विकायला काढली. १९९० च्या सुमारास खाजगी भाडेकरू दहात एकच उरला. मग १९८८ च्या कायद्याचे कलम २१ कामी आले: मुदत संपल्यावर दोन महिन्यांची नोटीस, कारण सांगायची गरज नाही. मालक परतले. आज इंग्लंडमध्ये पाचातले एक घर खाजगी भाड्याचे आहे, आणि त्यात मुलेबाळे असलेली कुटुंबेही पुष्कळ. शाळेच्या मध्येच घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

२०२५ च्या कायद्याने इंग्लंडमधले कलम २१ मोडीत काढले, १ मे २०२६ पासून. आता कारण द्यावे लागते. भाडे मात्र बाजारभावानेच, वर्षातून एकदा वाढवता येते. मेरीबाईंच्या वेळेसारखे गोठवलेले नाही.