गारव्याची जागा

दिवाळीच्या खरेदीच्या यादीत पूर्वी कापडचोपड आणि फराळाचे सामान असे. आता घरच्या संगणकालाही तीत मानाचे पान मिळू लागले आहे. नाशिकसारख्या गावातही पुष्कळ मुले सुटे भाग आणून तो घरीच जुळवितात आणि ‘पाण्याने गार होणारा’च हवा असा हट्ट धरतात. विजेच्या यंत्रात पाणी म्हटले की वडील माणसे दचकतात. परंतु ही कल्पना मुलांच्या वडिलांहूनही वयाने मोठी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला तर पैसे कोठे खर्चावे हेही उमगते.

प्रारंभ मोटारीपासून करू. १९०० साली विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्या फटींतून पाणी खेळे. मर्म एवढेच की, पाणी वाढविण्यापेक्षा वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग वाढवावा.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि अशी नळी तापल्यावाचून कामच करीत नाही. पुढे ट्रान्झिस्टर आले. उष्णतेची कटकट संपली असे वाटले. पण भाग जितके लहान होत गेले तितकी त्यांची दाटी वाढली. १९६७ च्या आय.बी.एम. ३६०/९१ या यंत्रात पाणी खेळवावे लागले. १९९० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी मोटारीतले छोटे रेडिएटर घरच्या संगणकाला जोडले, आणि मग कारखान्यांतून सीलबंद संच बाहेर पडू लागले. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकातही पाण्याची वाट थेट चिपेपर्यंत नेली आहे.

आता निवड. हे रेडिएटर बहुधा १२०, २४० व ३६० मिलिमीटर लांबीचे, म्हणजे एक, दोन व तीन पंख्यांचे असतात. ६५ वॅट उष्णता टाकणाऱ्या प्रोसेसरला साधा पंखा पुरतो. तेथे पाणी म्हणजे निव्वळ हौस. दोनशे वॅटच्या पुढे मात्र तीन पंख्यांचा रेडिएटर आपली किंमत वसूल करून देतो.

त्याहून नाजूक प्रश्न जागेचा. सीलबंद संचातले पाणी नळीच्या रबरातून वर्षानुवर्षे कणाकणाने झिरपते आणि त्याची जागा हवा घेते. ती हवा सर्वांत उंच ठिकाणी जाऊन बसते. पंप तेथे असेल तर तो कुरकुरतो आणि अकाली झिजतो. म्हणून रेडिएटर पेटीच्या छताला लावणे निर्धोक. पुढच्या बाजूस लावल्यास प्रोसेसरला बाहेरची ताजी हवा मिळते, पण ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला ऊन हवा येते. तेथे निदान त्याचे वरचे टोक पंपाच्या वर असावे. तळाशी तो लावूच नये.

एक भ्रम मात्र सोडावा. आपल्या माठातले पाणी हवेहूनही गार होते, कारण त्यातले थोडे वाफ होऊन उष्णता घेऊन जाते. नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्राचे शीतक मनोरे त्याच कुळातले. त्यांच्या तोंडून निघतो तो धूर नव्हे, पाण्याची वाफ. हा गारवा पाणी खर्चून मिळतो. संगणकाचा रेडिएटर बंदिस्त. तो पाणी पीत नाही, पण खोलीहून गारही होऊ शकत नाही. वैशाखात खोली ३८ अंशांवर असेल तर त्यातले पाणी त्याहून तप्तच राहणार. उष्णता नाहीशी होत नाही. ती चिपेतून उठून आपल्या खोलीत येते.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझे सांगणे असे : मुलांशी किंमतीवरून वाद घालण्याआधी पेटी कोठे राहणार ते विचारा. मेजाच्या बंद कप्प्यात ती कोंबली, तर महागातला रेडिएटरही आपणच सोडलेली ऊन हवा पुन्हा आत ओढील. भिंतीपासून वीतभर अंतर आणि समोर उघडी खिडकी, एवढे तिला द्या. त्याला पैसे पडत नाहीत.