इओसिनोफिल वाढले म्हणजे नेमके काय? रिपोर्टमधला आकडा असा वाचा

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की ‘इओसिनोफिल’पुढचा ठळक आकडा बघून अनेकांच्या पोटात गोळा येतो. मग मेडिकलमधून ॲलर्जीची गोळी, कधी तर थेट स्टेरॉइड आणून सुरू करणारेही आहेत. हे जास्त धोक्याचे.

इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. इओसिन या रंगाने पेशीतले कण तांबूस-केशरी दिसतात, त्यावरून हे नाव पडले. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८७९ मध्ये या पेशी ओळखल्या. जंतांशी लढणे हे त्यांचे जुने काम. पण त्यांच्या कणांतली विषारी प्रथिने आपल्याच श्वासनलिकेला सूज आणतात, तेव्हा दमा बळावतो.

रिपोर्टमध्ये फक्त टक्का पाहून भागत नाही. एकूण पांढऱ्या पेशी ४,००० आणि इओसिनोफिल १० टक्के, म्हणजे प्रत्यक्ष संख्या ४००. टक्का ठळक छापला तरी ही संख्या ठीक आहे. उलट एकूण १२,००० आणि टक्का ६ असेल तर संख्या ७२० होते, म्हणजे वाढलेली. आणि टक्का मात्र साधाच दिसतो! साधारण ५०० पर्यंतची संख्या नॉर्मल धरतात. लॅबवाले यालाच ‘एईसी’ म्हणतात.

थोडी वाढ बहुधा ॲलर्जी, दमा, त्वचेचे विकार, जंत किंवा एखाद्या औषधामुळे असते. संख्या ३,००० च्या वर, रात्री खोकल्याची उबळ आणि धाप असेल तर आपल्याकडे ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ची शंका घ्यावी लागते. तो हत्तीरोगाच्या कृमींमुळे होतो. सोलापूर, बिदर, कलबुर्गी, पूर्व विदर्भ हे हत्तीरोगाचे जुने पट्टे. अशा पेशंटवर टीबी किंवा दमा समजून उपचार होत राहतात. खरे औषध डीईसी, म्हणजे हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटतात तीच गोळी. मात्र ती इथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन आठवडे घ्यावी लागते.

आता स्टेरॉइडबद्दल. त्याने आकडा झटकन खाली येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण अनवाणी पायांतून शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस हा जंत आतड्यात वर्षानुवर्षे राहू शकतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की त्याच्या अळ्या अंगभर पसरतात आणि जिवावर बेततं. शौचाच्या एका तपासणीत तो सापडेलच असंही नाही.

आकडा कमी असणे सहसा काळजीचे नसते. टायफॉइडच्या तापात तो शून्यावरही जातो, आणि डॉक्टरांना तो उपयोगी इशारा ठरतो.

संख्या १,५०० च्या वर टिकून राहिली तर हृदय, फुप्फुस आणि नसांना इजा होऊ शकते. तेव्हा डॉक्टर इको सांगतात, आणि तो टाळू नये.