लुळा हात आणि तीन महिन्यांची मुदत



कामगार संघटनेच्या माणसाने वैद्यकाच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हात हा आमचाच विषय आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. खांद्यापासून हात तुटला तर कमाईची शक्ती शेकडा ९० गेली, असे त्यात धरले होते. ते कोष्टक आम्ही वर्षानुवर्षे पाठ म्हटले. जन्मतानाच ज्याचा हात लुळा पडतो, त्या बाळाचा हिशेब मात्र त्यात कुठेच नव्हता.

मानेच्या मणक्यांतून पाच मज्जातंतू निघतात आणि एकमेकांत गुंफून काखेतून हातात उतरतात. डॉक्टर या गुंफणीला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. बाळंतपणात डोके बाहेर आले आणि खांदा आईच्या हाडामागे अडला, की ही गुंफण ताणली जाते. कधी ती नुसती ताणते, कधी तुटते, तर कधी मुळापासून उपटून येते. हजार बाळंतपणांत एकदोन मुलांना असे होते. दर वेळी सुइणीची किंवा डॉक्टरची चूक असतेच असे नाही. नुसती ताणलेली नस बहुधा आपोआप सुधारते. उपटलेली सुधारत नाही. बाहेरून मात्र दोन्ही हात सारखेच लोंबतात, आणि सारी अडचण इथेच आहे.

२७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनच्या राजवाड्यात एक मुलगा पायाळू जन्मला. आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते म्हणतात. या बाळाला स्वतःचा डावा हातही हलवता येईना. आजी इंग्लंडची राणी, आजोळ आणि घर दोन्ही राजघराणी, मग वैद्यांना काय तोटा! त्यांनी विजेचे झटके दिले, धडधाकट उजवा हात बांधून ठेवला, मान सरळ करण्यासाठी यंत्र चढवले, आणि नुकत्याच मारलेल्या सशाच्या ऊबदार धडात तो लुळा हात घालून ठेवला. हा मुलगा म्हणजेच पुढचा जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म. त्याचा डावा हात जन्मभर सुमारे सहा इंच आखूड राहिला आणि छायाचित्रांत तो तलवारीच्या मुठीवर किंवा हातमोज्यांमागे लपलेला दिसतो. त्या हातामुळे पहिले महायुद्ध झाले असे सांगणारे लोक आहेत. आम्हांला ते पटत नाही.

ज्ञान आले ते या मुलाचे बालपण सरल्यावर. १८७२ साली फ्रान्सच्या द्युशेनने अशा बाळांची नीट नोंद केली. १८७४ साली जर्मनीच्या एर्बने विजेच्या साहाय्याने वरच्या दोन मुळांची जागा दाखवली. १८८५ साली पॅरिसमध्ये ऑगस्टा क्लुम्प्के या तरुणीने खालच्या मुळांचा प्रकार उलगडला. त्यात खांदा हलतो, पण पंजा मरतो. स्त्रियांनी इस्पितळात निवासी उमेदवारी करावी की नाही, यावर तिथले डॉक्टर त्याच सुमारास वाद घालत होते!

१९०३ साली ग्लासगोच्या केनेडीने तुटलेल्या नसा शिवल्याचे प्रसिद्ध केले. पुष्कळांनी त्याचे अनुकरण केले, पण फळ बेताचेच. १९२५ साली बॉस्टनच्या सेव्हरने अकराशे मुलांचा वृत्तांत मांडला आणि व्यायामावर व आखडलेले स्नायू मोकळे करण्यावर भर दिला. नसा शिवणे मागे पडले आणि कित्येक दशके मुलांच्या वाट्याला मुख्यतः वाट पाहणेच आले.

पुढे शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला. १९७० नंतरच्या दशकात पॅरिसच्या आलें जिल्बेर यांनी पायातली कमी गरजेची नस काढून ती हाताच्या तुटलेल्या नसांत जोडण्यास आरंभ केला. त्यांनी एक मुदतही घातली : तीन महिन्यांत बाळाचे कोपर वाकू लागले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. टोरांटोच्या डॉक्टरांनी नवव्या महिन्याची एक सोपी परीक्षा सांगितली : बाळाच्या हातात बिस्किट द्यावे, दंड अंगाला धरून ठेवावा आणि ते तोंडापर्यंत नेते का पाहावे. तीन महिने की नऊ, यावर जाणत्यांत अजून एकमत नाही. पण नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, आणि उपाशी स्नायू वर्ष-दीड वर्षापलीकडे तिची वाट पाहत नाही, यावर वाद नाही.

म्हणून या बाळांचे खास उपचार म्हणजे केवळ एक कुशल शल्यचिकित्सक नव्हे. तोच व्यायामतज्ज्ञ दर महिन्याला तेच बाळ पाहतो, कोपर किती वाकले ते लिहून ठेवतो, खांदा आखडू नये म्हणून आईला शिकवतो. आणि आई ते घरी दिवसातून अनेकदा करते. सम्राटाच्या वैद्यांना हे ठाऊक नव्हते.

आता प्रश्न आईच्या वेळेचा. मुंबई इलाख्यात १९२९ साली गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला, १९६१ साली तो देशभर आला आणि २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. जिला ती मिळते, तिचे निम्मे वर्ष निभते. रोजंदारीवर वीट उचलणारी किंवा चार घरची भांडी घासणारी बाई या हिशेबात येत नाही. तिला बाळाच्या हाताची तपासणी करायची तर दर महिन्याला एक रोज बुडवावा लागतो, आणि बाळंतपणाचे कर्ज फेडायचे दिवसही नेमके तेच असतात.