सुईचा अहवाल टाकाऊ कसा?

स्तनातल्या गाठीसाठी एफएनएसी, म्हणजे साधी सुईची तपासणी, आता कालबाह्य झाली. सरळ कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, करावी, असं मत वैद्यकीय वर्तुळात रूढ झालं आहे. गाठ दुर्मीळ जातीची असेल तर सुईच्या वाटेला जाऊच नये, असंही ठासून सांगतात. यातलं निम्मं मला मान्य आहे.

सुईत सुट्या पेशी आणि त्यांचे पुंजके येतात, ऊतीची अखंड रचना येत नाही. कर्करोग नलिकेतच आहे की बाहेर पसरलाय, हे त्यावरून ठरत नाही. फायलॉइड्स गाठ फायब्रोअडेनोमा ही साधी गाठ समजली जाऊ शकते. हार्मोन आणि हर-टू चाचण्यांनाही कोअरचा तुकडाच अधिक भरवशाचा.

पण दुर्मीळ गाठ सुईला दिसतच नाही, हे मात्र खोटं. अडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा घ्या. काचपट्टीवर गिम्सा रंग चढवला की किरमिजी रंगाचे वाटोळे गोळे उठून दिसतात आणि भोवती गडद केंद्रकांच्या लहान पेशी दाटीने बसलेल्या असतात. कोलॅजिनस स्फेरुलोसिस या निरुपद्रवी बदलातही असे गोळे दिसतात, हा आक्षेप रास्त आहे. तिथे कोअर करावीच. पण ती कशासाठी करायची, हे सुईनेच सांगितलेलं असतं. स्तनातल्या लिम्फोमात पेशी एकमेकींना न चिकटता विखुरलेल्या दिसतात. उरलेल्या नमुन्याचा सेल ब्लॉक, म्हणजे पेशींचा मेणातला ठोकळा, केला की इम्युनो चाचण्याही होतात. या आजारावर मुख्य उपचार औषधांचा, त्यामुळे वेळीच शंका आली तर बाईचा स्तन वाचतो. क्षयाची गाठ तर हुबेहूब कर्करोगासारखी लागते, आणि तिचे ग्रॅन्युलोमा सुईत सापडतात.

आणि सुईची तपासणी ही काही गरिबांसाठी काढलेली पळवाट नव्हे. 1930 साली मार्टिन आणि एलिस यांनी ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातून मांडली. परळला टाटा किंवा केईएमला दाखवायला कोकणातून, विदर्भातून बायका येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करतात. त्यांना काही तासांत दिशा दाखवणारी तपासणी मोडीत काढायचा सल्ला मला पटत नाही. (सुई टोचल्याने गाठ पसरते ही भीतीही सोडावी, त्या भीतीने तपासणी टाळणंच महागात पडतं.)

सुईचा अहवाल, हाताची तपासणी आणि सोनोग्राफी-मॅमोग्राफी यांचा मेळ बसत नसेल तर कोअर बायोप्सी करायलाच हवी. अहवालात ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं आलं, तरी गाठ वाढत असेल तर घरी बसू नका, पुन्हा दाखवा.